‘सयाजीराव’ : एका जातिवंत घोड्याची शर्यतीतील व पैदाशीतील कारकीर्द

मराठवाड्यातील शेतकऱ्यास घोडा हे जनावर अपरिचित नाही. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आसपासच्या डोंगराळ मुलुखात हलक्या अंगाच्या, काटक दख्खनी तट्टांवर बसून लढण्याची पद्धत रुळली व पुढे मराठ्यांनी ती पूर्णत्वास नेली. नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आणि खानदेशात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारात घोडा पाहताना जाणता माणूस दात, खूर, छाती आणि चाल पाहतो, अंगावरचे भोवरेही मोजतो. परंतु त्या घोड्याचा बाप कोण, आई कोण, आणि त्याच्या पाठच्या-पोटच्या भावंडांनी काय काम केले, हे विचारले तर उत्तर बहुधा मिळत नाही. वळू, रेडा आणि बोकड यांच्या खरेदीतही आपल्याकडे थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे.

ज्या घोड्याची हकिकत पुढे दिली आहे, त्याच्याविषयी मात्र हे सर्व कागदोपत्री उपलब्ध आहे. तो परदेशात जन्मला आणि परदेशातच मेला. तरी त्याचे नाव अस्सल मराठी होते, त्याचा मालक मराठी राजघराण्यातील होता, आणि ज्या पुरुषावरून त्याचे नाव ठेवले तो तर कन्नड तालुक्याच्या पश्चिमेस, नांदगावच्या पलीकडे, मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावचा एका शेतकरी कुटुंबातील मुलगा. गोपाळराव या नावाने १८६३ मध्ये जन्मलेला हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला व महाराजा सयाजीराव गायकवाड या नावाने प्रसिद्धीस आला. त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण व गावोगावी वाचनालये सुरू केली. डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेस शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. (त्याच डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारले, हे वाचकांस ठाऊक असेलच.) १९३९ मध्ये सयाजीराव निवर्तले व त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. या नातवाला घोड्यांचा विलक्षण शौक होता.

शिंगराची किंमत

१९४५ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील सर्वांत मानाची शर्यत, डर्बी, ‘दांते’ नावाच्या घोड्याने जिंकली. दांतेचा बाप निअर्को व आई रोझी लेजेंड. निअर्को हा इटलीतील फेदेरिको तेसिओ या कुशल पैदासकाराने तयार केलेला घोडा. तो चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये विक्री झाल्यावर तो न्यूमार्केट येथे पैदाशीसाठी ठेवला गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यासाठी स्वतंत्र बॉम्बनिवारक तळघर बांधले होते, यावरून त्याची किंमत काय मानली जात होती ते कळते. दांतेची गोष्ट गमतीची आहे. वर्षाचा असताना तो लिलावात उभा केला, पण मालकाने ठरविलेल्या किमान किमतीपर्यंत बोली न पोहोचल्याने तो परत घरी गेला. ज्यास कोणी योग्य किंमत दिली नाही तोच डर्बी जिंकून बसला!

याच दांतेचा सख्खा भाऊ, १९४४ मध्ये जन्मलेला, १९४५ सालीच न्यूमार्केटच्या लिलावात आला. त्याच आईबापाचे दुसरे शिंगरू मिळत आहे म्हटल्यावर श्रीमंतांची झुंबड उडाली. प्रतापसिंहरावांनी त्यास २८,००० गिनींना घेतले. वर्षाच्या शिंगराला तोवर इंग्लंडमध्ये एवढी किंमत कधी आली नव्हती. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. म्हणजे ही रक्कम २९,४०० पौंड होते, व एका रुपयास दीड शिलिंग या त्या वेळच्या दराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होतात. बंगालच्या भीषण दुष्काळास तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. आजोबांच्या नावाने शिंगराचे नाव ‘सयाजीराव’ ठेवण्यात आले. ते आजोबांस रुचले असते किंवा कसे, याबद्दल शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे.

पैदाशीच्या दृष्टीने पाहता ही खरेदी भावाच्या नावावर झाली होती, हे ध्यानात घ्यावे. सख्ख्या भावांत आनुवंशिक गुणांचा सरासरी अर्धा भाग सामाईक असतो. सर्व गुण सामाईक असतात अशी पुष्कळांची समजूत आहे, ती चुकीची होय. आई आपल्या गुणांपैकी निम्मे देते, बाप निम्मे देतो. परंतु कोणते निम्मे हे दर खेपेस निराळे ठरते. गावातील एखाद्या बैलाने शंकरपटात नाव काढले की त्याच गाईच्या पुढच्या गोऱ्ह्याला दुप्पट-तिप्पट मोल देणारे लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात. सयाजीरावाच्या बाबतीतही तेच झाले. दांते दोन वर्षांच्या वयातच तयार झाला होता व त्या वर्षी एकही शर्यत हरला नव्हता. सयाजीराव मात्र अंगाने सावकाश भरला आणि त्याचा खरा जोर लांबच्या पल्ल्यावर प्रकट झाला. दांतेप्रमाणे दृष्टी जाण्याचे संकट त्याच्यावर आले नाही, हेही नमूद केले पाहिजे. दांतेस डोळ्यांचा विकार जडून तो पुढे पूर्णपणे आंधळा झाला.

१९४७ साल

थरोब्रेड घोड्यांच्या इंग्लंडमधील प्रमुख शर्यती तीन वर्षांच्या वयात होतात व त्यांचे पल्ले वाढत जातात. वसंतातील ‘टू थाउजंड गिनीज’ एक मैलाची (सुमारे १,६०० मीटर), जूनमधील डर्बी दीड मैलाची आणि सप्टेंबरातील ‘सेंट लेजर’ पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. पहिलीत वेग, तिसरीत दम आणि मधल्या शर्यतीत दोन्ही, अशी ही कसोटी आहे. १७७६ पासून चालत आलेली सेंट लेजर ही या सर्वांत जुनी.

गिनीजमध्ये सयाजीराव तिसरा आला. पहिला आलेला ट्यूडर मिन्स्ट्रल आठ लांब्यांनी जिंकला आणि असा घोडा पुन्हा होणे नाही, असे लोक बोलू लागले. पण तोच ट्यूडर मिन्स्ट्रल डर्बीच्या दीड मैलात चौथा आला आणि सयाजीराव त्याच्या पुढे, तिसऱ्या क्रमांकावर होता. एक मैलाचा राजा दीड मैलात प्रजेत जमा झाला. पल्ला वाढला की सयाजीराव इतरांच्या जवळ जातो, हे येथे प्रथम स्पष्ट दिसले. त्याआधी लिंगफील्ड येथील चाचणी शर्यत त्याने जिंकलीच होती. डर्बीनंतर त्यास आयर्लंडमध्ये नेले व तेथील करॅगच्या माळावरील आयरिश डर्बी त्याने जिंकली.

सप्टेंबर १९४७ मध्ये डॉनकास्टर येथे सेंट लेजर झाली. देश स्वतंत्र होऊन महिनाच झाला होता. आपला मराठवाडा अजून निजामाच्या अमलाखाली होता व त्याची मुक्तता व्हावयास आणखी एक वर्ष लागणार होते. घोड्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन स्वार होता. हिंदुस्थानातील मैदानांवर बरीच वर्षे दौड करून तो बडोदेकरांकडे इंग्लंडला आला होता. घोड्याची तयारी सॅम आर्मस्ट्राँग यांनी न्यूमार्केटच्या वॉरन प्लेस येथे केली होती. शेवटच्या टप्प्यात फ्रान्सचा आर्बार बरोबरीस आला, आणि सयाजीरावाने केवळ डोक्याएवढ्या अंतराने शर्यत मारली. आगाखानांचा मिगोली तिसरा आला. डर्बीत याच मिगोलीने सयाजीरावास मागे टाकले होते. पल्ला वाढताच तो मागे पडला. पुढील वर्षी ॲस्कॉट येथील हार्डविक शर्यत जिंकून सयाजीराव मैदानावरून निवृत्त झाला.

(वॉरन प्लेसच्या त्याच तबेल्यातून साठ-पासष्ट वर्षांनी फ्रँकेल हा अजिंक्य घोडा तयार होऊन बाहेर पडला. पण तो निराळा विषय आहे.)

शेजारच्या ठाणातील घोडा

सयाजीरावाची पैदाशीतील कामगिरी नीट समजण्यासाठी त्याच मालकाच्या, त्याच तबेल्यातील दुसऱ्या एका घोड्याची माहिती देणे अवश्य आहे. त्याचे नाव ‘माय बाबू’. हा १९४५ चा, फ्रान्समध्ये जन्मलेला. बाप जेबेल, आई परफ्यूम. दोन वर्षांच्या वयात तो इंग्लंडमधील त्या वयाचा सर्वश्रेष्ठ घोडा ठरला आणि १९४८ ची टू थाउजंड गिनीज त्याने १ मिनिट ३५.८ सेकंदांत जिंकली. त्या शर्यतीतील हा तोवरचा विक्रमी वेळ होता. डर्बीत मात्र तो चौथा आला. म्हणजे मागच्या वर्षीच्या ट्यूडर मिन्स्ट्रलप्रमाणेच याचाही पल्ला मैलभराचा.

जगातील सर्व थरोब्रेड घोड्यांची नर बाजूची वंशावळ मागे नेली तर ती पूर्वेकडून इंग्लंडमध्ये आणलेल्या तीन घोड्यांवर येऊन थांबते. ते म्हणजे बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन. सयाजीराव हा डार्ली अरेबियनच्या वंशातील, तर माय बाबू बायर्ली टर्कच्या. एकाच पागेत, एकच चंदी खाऊन, एकाच शिक्षकाच्या हाताखाली वाढलेले हे दोन घोडे दोन भिन्न कामांसाठी तयार झाले. खुराक व शिक्षण यांनी अंगभूत गुण प्रकट होतात, पण नसलेला गुण त्यांच्याने निर्माण होत नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

माय बाबूच्या संदर्भात आणखी एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. कायद्याच्या काटेकोर अर्थाने हा विक्रमवीर ‘अस्सल’ थरोब्रेड नव्हताच! इंग्लंडमध्ये १७९३ पासून वंशावळींची एक सामान्य नोंदवही छापली जाते. अमेरिकेतून येणाऱ्या घोड्यांच्या वंशावळी काही ठिकाणी तुटक आहेत, हे कारण दाखवून १९१३ मध्ये लॉर्ड जर्सी यांच्या पुढाकाराने असा नियम करण्यात आला की, ज्याची प्रत्येक शाखा नोंदवहीतील आधीच्या घोड्यांपर्यंत पोहोचते त्याच घोड्याची नोंद व्हावी. माय बाबूचा आजा तुर्बियों याच्या रक्तात अशी एक अमेरिकन शाखा होती. त्यामुळे तुर्बियों, जेबेल, माय बाबू आणि सेंट लेजरमध्ये सयाजीरावाशी शेवटपर्यंत झुंजलेला आर्बार हे सर्वच नोंदवहीच्या दाराबाहेर राहिले. १९४८ मध्ये माय बाबूने गिनीज आणि तशाच नोंदबाह्य रक्ताच्या ब्लॅक टार्क्विनने सेंट लेजर जिंकली, तेव्हा ज्यांची नोंद नाही तेच घोडे ज्यांची नोंद आहे त्यांना हरवीत आहेत हे उघड्या डोळ्यांनी दिसू लागले. १९४९ मध्ये तो नियम रद्द करावा लागला.

यावरून नोंदवहीचे महत्त्व कमी आहे असा अर्थ कोणी काढू नये. नोंद होती म्हणूनच कोणत्या घोड्याच्या अंगात कोणते रक्त आहे हे सांगता आले. नोंदवही बापाचे नाव सांगते, गुण सांगत नाही, एवढाच याचा अर्थ. देवणी व लाल कंधारी या आपल्या मराठवाड्याच्या मान्यताप्राप्त गोजाती आहेत, आणि भीमथडी घोड्यासही अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदणी मिळाली आहे. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ‘देवणी आहे’ एवढ्यावर वळूची निवड करणे आणि ‘देवणी आहे व त्याच्या आईने एका वेतात इतके दूध दिले’ यावर निवड करणे, यांत महदंतर आहे.

बापाची परीक्षा लेकरांवरून

सयाजीराव आयर्लंडमध्ये पैदाशीसाठी ठेवण्यात आला. थरोब्रेडच्या बाबतीत कृत्रिम रेतन आजही अमान्य आहे. घोडी प्रत्यक्ष वळू घोड्याकडे न्यावी लागते. त्या काळी एका घोड्याकडे हंगामात सुमारे चाळीस घोड्या पाठविण्याचा प्रघात होता. घोडी अकरा महिने गाभण राहते. उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेड शिंगरांचे वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीच्या आधी चुकून जन्मलेले शिंगरू कागदावर लगेच एक वर्षाचे होऊन बसते. म्हणून घोड्या फळविण्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू करतात.

मैदानावरची पहिली मोठी साक्ष १९५८ मध्ये मिळाली. सयाजीरावाची १९५३ मध्ये जन्मलेली कन्या ग्लॅडनेस हिने त्या एका वर्षात ॲस्कॉटचा सुवर्णचषक, गुडवुड चषक आणि यॉर्कची एबोर शर्यत जिंकली. सुवर्णचषकाचा पल्ला अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर आहे. एबोर शर्यतीत तर तिच्या पाठीवर ६० किलोहून अधिक वजन होते व तरीही ती पुढे आली. पुढच्या वर्षी, सहा वर्षांची असताना, ॲस्कॉटच्या किंग जॉर्ज शर्यतीत ती दुसरी आली. एवढ्या वयात नर घोड्यांशी टक्कर देणारी घोडी विरळाच. १९६० मध्ये लिंक्रिस या दुसऱ्या कन्येने आयरिश ओक्स, यॉर्कशायर ओक्स आणि आयरिश सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकल्या. नंतर मुलांची पाळी आली. १९६१ चा इंडियाना हा १९६४ च्या डर्बीत दुसरा आला व त्याच वर्षी त्याने सेंट लेजर जिंकली. बापाने सतरा वर्षांपूर्वी जी शर्यत डोक्याएवढ्या अंतराने मारली होती तीच मुलाने मारली, आणि योगायोग असा की तीही डोक्याएवढ्याच अंतराने. ‘आय से’ हा दुसरा मुलगा १९६५ च्या डर्बीत तिसरा आला आणि १९६६ मध्ये त्याने एप्सम येथील कॉरोनेशन चषक जिंकला.

या यादीतील पल्ले पाहावेत. दीड मैल, पावणेदोन मैल, अडीच मैल. एक मैलाच्या आतील वेगाची शर्यत यात नाही. सयाजीरावाने आपल्या लेकरांना जे दिले ते दमाचे दान होते. उशिरा तयार होणारी, पण तयार झाल्यावर टिकणारी जनावरे त्याच्यापासून निपजली.

माय बाबूची गोष्ट उलट झाली. त्याचा मुलगा अवर बाबू याने १९५५ ची टू थाउजंड गिनीज, म्हणजे बापाचीच मैलाची शर्यत, जिंकली. त्यानंतर माय बाबूला अमेरिकेत केंटकी राज्यात नेण्यात आले. तेथे त्याच्या मुलग्यांनी नाव काढले, परंतु त्याची खरी पुण्याई फळास आली ती मुलींच्या पोटी. ‘केरळ’ या, आपल्या देशातील प्रांताचे नाव मिळालेल्या, मुलीने १९६४ मध्ये दमास्कसला जन्म दिला. १९६७ मध्ये तो अमेरिकेतील वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. गॅम्बेटा या मुलीच्या पोटी गेमली ही नामांकित घोडी आणि लुइआना या मुलीच्या पोटी १९७४ ची प्रीकनेस व बेलमाँट जिंकणारा लिटल करंट निपजला. काही नर असे असतात की त्यांचा गुण मुलांपेक्षा मुलींच्या द्वारे नातवंडांत उतरतो, हे पैदासकार जाणतात. दुधाच्या जनावरांत तर दूध देणारी केवळ मादीच असल्याने वळूकडे पाहण्याची दृष्टी नेहमी हीच असावी लागते.

तारखांचा हिशेब

येथे तारखांकडे पुन्हा एकदा लक्ष वेधणे जरूर आहे. सयाजीराव १९४४ मध्ये जन्मला. ग्लॅडनेसने सुवर्णचषक जिंकला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. इंडियानाने सेंट लेजर जिंकली तेव्हा वीस वर्षांचा. १९६६ मध्ये तो मेला. ज्या नराची योग्यता निःसंशय सिद्ध व्हावयास वीस वर्षे लागली त्याचा उपयोग करून घेण्यास पुढे दोनच वर्षे उरली.

हाच हिशेब वळूचा मांडून पाहावा. वळू सुमारे दोन वर्षांचा असताना वापरात येतो. गाय नऊ महिने गाभण. झालेली कालवड व्यायला संकरित असल्यास अडीच-तीन वर्षे, गावरान असल्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. त्यानंतर तिच्या एका वेताच्या ३०५ दिवसांच्या दुधाची नोंद व्हावयाची. म्हणजे वळू उत्तम की सामान्य हे कळेपर्यंत त्याचे वय सहाच्या पुढे गेलेले असते. गावातील वळू तोवर बाजारात विकला गेलेला असतो किंवा त्याने गावातील आपल्याच मुली गाभण करण्यास आरंभ केलेला असतो. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक घातक. बापलेकीच्या संबंधातून झालेली वासरे अशक्त निघतात, गाईंचे भाकड काळ लांबतात, आणि शेतकरी दोष मात्र चाऱ्याला देतो. वळूच्या पहिल्या कालवडी वयात येण्यापूर्वी त्यास बदलावे, हा नियम म्हणूनच कसोशीने पाळला पाहिजे. वळू देवाला सोडलेला असेल तर हे गावकऱ्यांना समजावणे अवघड जाते, याची ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस कल्पना आहे. ज्या गावात अशी अडचण असेल तेथे दोन शेजारच्या गावांनी वळूंची अदलाबदल करणे सोयीचे पडते.

थरोब्रेडच्या मालकास नसलेली एक सवलत आपल्या गोपालकास आहे. वळूचे रेत द्रवरूप नत्रात गोठवून वर्षानुवर्षे राखता येते. हर्सूल येथील गोठीत रेत प्रयोगशाळा हेच काम करते. वळू मेल्यानंतरही, त्याच्या मुलींची कामगिरी उत्तम ठरल्यास, त्याचे रेत वापरता येते. परंतु ही सवलत उपयोगी पडावयाची तर मुलींची नोंद हवी. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला पुष्कळांस नुकसानभरपाईपुरताच आठवतो. कोणत्या वळूच्या रेतमात्रेपासून कोणती कालवड झाली आणि तिने वेतात किती दूध दिले, हे त्या क्रमांकाशी जोडले गेले तरच त्या बिल्ल्याचे चीज होते. कृत्रिम रेतनाच्या वेळी रेतकांडीवरील वळूचा क्रमांक लिहून घेण्यास अर्धा मिनिट लागतो. तो क्रमांक लिहिला गेला नाही तर पुढे दहा वर्षांनीही त्याची भरपाई होऊ शकत नाही.

कोणता गुण हवा आहे हे आधी ठरवावे लागते, ही गोष्टही सयाजीरावाच्या आयुष्यावरून दिसते. त्याच्या वंशात गुण होते, पण इंग्लंड-अमेरिकेतील बाजार हळूहळू लवकर तयार होणाऱ्या, मैलभर वेगाने धावणाऱ्या घोड्यांकडे वळला. लांब पल्ल्याचा घोडा चार-पाच वर्षे पोसावा लागतो व मालकाला तेवढा धीर नसतो. आता तर वेग व दम यांतील फरकाचा काही भाग कोणत्या आनुवंशिक घटकामुळे पडतो, हेही डब्लिन येथील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले आहे. स्नायूंची वाढ नियंत्रित करणाऱ्या मायोस्टॅटिन या घटकाचे एक रूप दोन्ही आईबापांकडून आले तर घोडा जवळच्या पल्ल्याचा होतो, दुसरे रूप दोन्हीकडून आले तर लांबच्या पल्ल्याचा, आणि एकेक आले तर मधल्या पल्ल्याचा. एकाच जनावरात दोन्ही टोके मागणे व्यर्थ आहे. कोरडवाहू शेतीत नांगराला चालणारा बैल आणि दिवसाला वीस लिटर दूध देणारी गाय ही एकाच वळूकडून मिळावीत अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. सिल्लोड-सोयगावच्या डोंगरकडेला ज्याच्याकडे हिरवा चारा चारच महिने असतो, त्याने दुधाच्या आकड्याला भुलून भारी रक्ताची संकरित गाय दावणीला बांधली तर ती उन्हाळ्यात त्याचेच दिवाळे काढते. त्याला देवणी किंवा लाल कंधारीच बरी.

मालकाचे पुढे काय झाले, हेही सांगणे प्राप्त आहे. प्रतापसिंहरावांनी १९४९ मध्ये आजोबांच्या नावाने बडोद्यास विद्यापीठ स्थापन केले, हे त्यांचे मोठे कार्य होय. त्याच वर्षी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. घोडे, जडजवाहीर व परदेशातील राहणी यांवरील खर्चाबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांस गादीवरून दूर केले. १९६८ मध्ये ते लंडनला वारले. वर्षाच्या एका शिंगरासाठी मोजलेल्या पावणेचार लाखांहून अधिक रुपयांत बडोद्याच्या खेड्यांत किती विहिरी बांधून झाल्या असत्या, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाण्यासारखा होता. जनावराची किंमत वसूल झाली, पण ज्यांच्या कष्टातून पैसा आला त्यांना तिच्यातून काय मिळाले, याचा हिशेब कोणत्याही वंशावळीच्या नोंदवहीत सापडत नाही.

माय बाबू १९७० मध्ये केंटकीत मेला. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात एका अश्वपैदास केंद्रास आजही ‘बडोदा’ हे नाव आहे. सयाजीरावाची नर शाखा युरोपात फारशी पसरली नाही. परंतु इंडियाना पुढे जपानमध्ये पैदाशीसाठी गेला. तेथे त्याचा मुलगा ताकेहोप याने १९७३ ची जपानी डर्बी लोकांच्या लाडक्या हाइसेइको या घोड्यास मागे टाकून जिंकली, आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडावर तीन हजार मीटरांची किक्का शो, म्हणजे जपानची सेंट लेजरही जिंकली. पुढील वसंतात, १९७४ मध्ये, तेन्नो शो या शर्यतीत तो पहिला आला. तिचा पल्ला ३,२०० मीटरांचा आहे.